पान नऊवरचा आवाज

सुलेखा पडली तेव्हा तिच्या हातात थालीपीठ होतं, आणि पडतानाही तिने ते वर धरलं होतं. अंगाला काय व्हायचं ते होवो, डब्यातलं अन्न जमिनीला लागू द्यायचं नाही, ही कराडची शिकवण योकोहामात येऊनही सुटली नव्हती.

ती पडली ती ऑफिसच्या मागच्या, फोटो काढायच्या खोलीत. तिथे बसून जेवण्याचं कारण लसणीची चटणी. कंपनी लहान, अकरा माणसांची. दुसऱ्यांच्या मालाच्या इंग्रजी माहितीपुस्तिका तयार करून द्यायच्या, एवढंच काम. राइस कुकर, शिवणयंत्रं, कुत्र्याचे केस कापायची मशिनं. सुलेखा आठवड्यातून तीन दिवस जायची आणि तयार मजकूर तपासायची. पहिल्या महिन्यात तिने टेबलावर डबा उघडला तेव्हा कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. एकाने हळूच खिडकी उघडली, दुसऱ्याने दुसरी. जानेवारी महिना होता. तेव्हापासून ती आपण होऊन मागच्या खोलीत जाऊ लागली.

त्या सोमवारी तिथे नमुन्याची खुर्ची येऊन पडली होती. म्हाताऱ्या माणसांनी बसून आंघोळ करायची घडीची खुर्ची. घडी उघडायची, पाठीमागचा दांडा खाली दाबायचा, तो अडकला की बसायचं. हिची पुस्तिका सुलेखाने सकाळीच तपासली होती. पान नऊ, ओळ तिसरी : ‘क्लिक असा आवाज येईपर्यंत दांडा दाबा.’ वाचलेलं करून बघायची तिला खोड. तिने दांडा दाबला, टक् असं वाजलं, ती बसली. दोन घास होईतो खुर्ची शहाण्यासारखी उभी राहिली. तिसऱ्याला तिने पाय पसरले.

आवाज ऐकून शिमुरा-सान धावत आल्या. त्या सुलेखाच्या वरिष्ठ. साठीला टेकलेल्या, काटकुळ्या, आणि कितीही घाई असली तरी दारावर टकटक करूनच आत येणाऱ्या.

“सुलेखा-सान! लागलं का?”

“नाही, नाही.”

“मग... खुर्चीला?”

“तिलाही नाही. ती आपली निवांत आडवी झालीय.” सुलेखा उठून बसली. “माझं वजन बहात्तर आहे, शिमुरा-सान. आणि ही एकशेतीस किलो पेलते. पान चारवर लिहिलंय, मीच तपासलंय.”

शिमुरा-सान यांनी नजर खाली वळवली. जपानात वजनाचा आकडा असा कोणी चारचौघांत सांगत नाही.

त्या गेल्यावर सुलेखाने दार लोटलं, ओढणी कमरेला बांधली आणि खुर्चीपुढे गुडघे टेकले. दांडा दाबला. टक्. हलवून पाहिला तर डुगडुगत होता. आणखी जोर लावला. दांडा बोटभर खाली गेला आणि आतून एक जड, बसका आवाज आला. खट्ट. आता दांडा हलेना. ती बसली, उठली, पुन्हा आदळून बसली. खुर्ची ढिम्म.

म्हणजे आवाज दोन होते. आणि पुस्तिकेत होता एक, तोही चुकीचा.

आता हे दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं असतं तर त्याने खांदे उडवले असते. पण सुलेखाचं आणि इंग्रजी आवाजांचं जुनं वैर होतं. ती मराठी शाळेत शिकली. लग्न होऊन मुंबईला आली, नवऱ्याच्या बँकेतल्या बायका फाडफाड इंग्रजी बोलायच्या, आणि ही हसून सरबत पुढे करायची. मग हिने मिक्सरच्या पुस्तिकेपासून सुरुवात केली. औषधाच्या खोक्यातले कागद, प्रेशर कुकरच्या सूचना, विम्याची पत्रकं, जे हाती येईल ते वाचलं. शब्दांची वही केली. शब्दकोशाने तिला सगळं शिकवलं, पण आवाजांपाशी तो हात वर करायचा. क्लंक म्हणजे काय? तर म्हणे ‘धातूचा बोथट आवाज’. बोथट काय, सुरी आहे का ती? तेव्हा तिने आवाजांना स्वतःच अर्थ दिले. क्लिक म्हणजे टक् : दिव्याचं बटण, पेनाचा खटका. क्लँग म्हणजे ठण्ण : ताट पडलं, आणि पडून गेल्यावरही घुमत राहिलं. क्लंक म्हणजे खट्ट : लोखंडी कपाटाची मूठ फिरवल्यावर आत जे बसतं ते. जड, आणि मागे नाद न ठेवणारा. काम झालं, आता बोलणं नको, असा.

खुर्ची बोलली होती ते क्लंक. याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

तिने शिमुरा-साननाच आणून दोन्ही आवाज ऐकवले.

“जपानी पुस्तिकेत काय लिहिलंय?” सुलेखाने विचारलं.

“काचित्.”

“आणि हा दुसरा?”

जपानी माणसाला आवाजाचं नाव विचारलं की तो विचारात पडत नाही, त्याच्या तोंडून ते निघूनच जातं. “गाचान्,” शिमुरा-सान म्हणाल्या, आणि मग त्यांचे ओठ घट्ट मिटले.

“मग?”

“मग काही नाही, सुलेखा-सान. मूळ प्रतीत काचित् आहे. आपण भाषांतर करतो. खुर्च्या करत नाही.”

मेख कुठे होती ते हळूहळू कळलं. ही खुर्ची गेल्या वर्षीच्या खुर्चीची धाकटी बहीण. थोरलीला पोलादी खिळा होता, तो एकदाच वाजायचा, टक्. यंदा तिच्यात चौदा बदल केले, आणि कारखान्याने त्या चौदांची यादी धाडली. रिवाज असा की जे यादीत, तेवढंच पुस्तिकेत बदलायचं. बाकी गेल्या वर्षीचं जसंच्या तसं. यादीत मापं होती, वजन होतं, पायांच्या रबरी बुटांचा रंगसुद्धा होता. आवाजाला ना माप ना रंग. तो यादीत कशाला येतोय!

“पण मग इथे जपानात कोणी पडलं कसं नाही?”

“इथे पुस्तिका वाचतो कोण? दुकानाचा माणूस घरी येतो, खुर्ची लावून देतो, दोनदा हलवून बघतो, वाकून नमस्कार करतो आणि जातो.”

“आणि ही इंग्रजी पुस्तिका कुठे जाणार?”

शिमुरा-सान यांनी बोटांवर मोजलं. “मनिला. नैरोबी. चेन्नई...”

“तिथे खुर्ची खोक्यातून कोण काढणार?”

शिमुरा-सान एवढंच म्हणाल्या, की हवं तर गॅरेथ-सानना विचारा. शुक्रवारी तीन वाजता मजकूर छापखान्यात जायचाय.

गॅरेथ-सान हे न्यूझीलंडमध्ये राहणारे गृहस्थ. एकोणीस वर्षं या कंपनीचं इंग्रजी शेवटचं तपासत होते. इंग्रजी त्यांच्या आईच्या दुधातलं, त्यामुळे ते ‘ठीक’ म्हणाले की ठीक. सुलेखाने त्यांना लांबलचक ईमेल लिहिली. मंगळवारी उत्तर आलं ते तीन ओळींचं. ‘क्लिकच ठेवा. क्लंक हा बिघाडाचा आवाज आहे. माझी गाडी क्लंक करू लागली की मी ती गॅरेजला नेतो.’

संध्याकाळी तिने ते नवऱ्याला वाचून दाखवलं. संजीव मेथी निवडत होता. बँकेत तो मोठा साहेब असला तरी घरी मेथी त्याच्याकडे होती.

“बरोबर आहे की त्यांचं,” तो म्हणाला. “आमच्याकडे जुन्या सिस्टीमला क्लंकी म्हणतात. शिवीच असते ती.”

“अरे, पण आवाज तोच आहे!”

“सुलू, एका शब्दासाठी तू... हे बघ, तुझा करार मार्चमध्ये संपतोय. शिक्का मार आणि मोकळी हो.”

“आणि कोणाची आई न्हाणीघरात पडली तर?”

“तू पडलीस ना? काय झालं?”

“मी बहात्तर किलोची आहे. मला गादी देवाने दिलीय.” तिने खुर्ची मागे ढकलली. “पंचेचाळीस किलोची म्हातारी ओल्या फरशीवर पडली की तिचं काय होतं ते तुला माहितीय, संजीव.”

संजीवचा हात थांबला. त्याची आई तशीच गेली होती. खुब्याचं हाड, मग अंथरूण, मग चार महिने. त्याने एक काडी उगाचच दोनदा निवडली.

“इश्शू,” सुलेखाने लेकीला हाक मारली, “क्लंक म्हटलं की तुला काय वाटतं गं?”

ईश्वरीने कानातले इयरफोन काढले नाहीत. “बेत्सुनि,” ती म्हणाली. म्हणजे विशेष काही नाही. पंधरा वर्षांच्या मुलीचं हे सर्व प्रश्नांवरचं उत्तर होतं.

“घ्या,” सुलेखा म्हणाली, “न्यूझीलंड म्हणतं बिघाड, बँक म्हणते शिवी, आणि आमची पोरगी म्हणते काही नाही. माझं मलाच निस्तरायला हवं.”

संजीवने मेथीचं ताट तिच्यापुढे सरकवलं. “शिक्का मारू नकोस,” तो म्हणाला. “पण ओरडूही नकोस तिथे. तू ओरडलीस की तुझं जपानी घसरतं.”

बुधवारी पुस्तिकेची शेवटची प्रत टेबलावर आली. खाली शिक्क्यांच्या चार चौकटी. भाषांतर करणाऱ्याची, गॅरेथ-सान यांची, सुलेखाची, शिमुरा-सान यांची. तिसरी सोडून बाकी सगळ्या भरलेल्या. सुलेखाने प्रत उचलली आणि शिमुरा-सान यांच्या टेबलावर दोन्ही हातांनी ठेवली, जशी तिथे ठेवतात तशी.

“माझी चौकट मोकळी राहील,” ती म्हणाली.

“गॅरेथ-सानचं नेटिव्ह चेक झालंय, सुलेखा-सान.”

“झालंय. त्यांच्या चौकटीत त्यांचं नाव आहेच. माझ्या चौकटीत लिहिलंय ‘तपासलं’. मी तपासलं, आणि पडले. तपासलं आणि ठीक आहे, असं मी कशी म्हणू?”

ती ओरडली नाही. पण आसपासच्या सगळ्या कीबोर्डांचा आवाज एकदम थांबला. तिथे असं कोणी करत नसे. नाही म्हणायचं तर दात-ओठांतून हवा आत ओढायची, ‘जरा कठीण आहे’ म्हणायचं आणि विषय आपोआप मरू द्यायचा. मोकळी चौकट म्हणजे भरल्या ताटावरून उठण्यासारखं.

“मार्चमध्ये तुमचा करार...” शिमुरा-सान पुटपुटल्या.

“माहितीय मला.”

शिमुरा-सान यांनी ती प्रत बाजूला सरकवली. मग त्यांनी फोन उचलला आणि खुर्चीच्या कारखान्याला लावला. दहा मिनिटं बोलल्या, त्यात सहा वेळा फोनलाच वाकल्या. फोन ठेवून म्हणाल्या, “निशिवाकी-सान शुक्रवारी सकाळी येतील. सहज. चहाला. खुर्ची त्यांनी केलीय. चूक हा शब्द मी उच्चारलेला नाही, तुम्हीही उच्चारू नका.”

निशिवाकी-सान शुक्रवारी दहाला आले. चाळिशीचे, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर. चहा झाला, हवापाणी झालं, मग सगळे मागच्या खोलीत गेले. सुलेखाने दांडा दाबला. टक्.

“हा आवाज नव्हेच,” निशिवाकी-सान लगेच म्हणाले. “ही तात्पुरती पकड. लावणाऱ्याचं बोट चिमटू नये म्हणून दांडा आधी इथे थांबतो. बोटं काढा, मग पूर्ण दाबा.” त्यांनी दाबलं. खट्ट. “या पकडीवर मी आठ महिने घालवलेत.”

“फार छान आहे,” सुलेखा म्हणाली, आणि ते तिला मनापासून वाटलं होतं. “पण हे लिहिलंय कुठे?”

“हे सहज कळतं.”

“कोणाला?”

“लावणाऱ्याला.”

“निशिवाकी-सान, मनिलात लावणारा कोण? मुलगा, सून, शेजारी. त्याच्या हातात तुम्ही नाही आहात. पान नऊ आहे.”

निशिवाकी-सान यांनी दातांतून हवा आत ओढली. “जरा कठीण...”

नेमकी तेव्हाच दारातून बादली आत आली, आणि बादलीमागून रोवेना. ती त्या इमारतीत साफसफाई करायची. फिलिपिन्सची, सदा हसतमुख, गुडघ्याने अधू. सुलेखाकडून डब्यातलं थालीपीठ मागून खाणारी त्या इमारतीतली ती एकमेव व्यक्ती.

“रोवेना, इंग्रजी वाचतेस ना?”

“शाळेत शिकले तेवढं.”

“एवढं वाच, आणि वाचशील तसं कर.” सुलेखाने खुर्चीची घडी घालून तिच्यापुढे ठेवली आणि पान नऊ हातात दिलं. शिमुरा-सान यांची एक भुवई वर गेली, पण त्या मधे पडल्या नाहीत.

रोवेनाने बोट ठेवून वाचलं. खुर्ची उघडली. दांडा दाबला. टक्. तिने मान डोलावली, पदराला हात पुसावेत तसे एप्रनला पुसले आणि बसायला वळली.

“आबुनाइ!” निशिवाकी-सान ओरडले. धोका! आणि दोन ढांगांत जाऊन त्यांनी तिचा दंड धरला.

रोवेना घाबरून विचारत होती, “मी काय मोडलं?”

“काही नाही,” निशिवाकी-सान म्हणाले. त्यांनी तिचा दंड अजून सोडला नव्हता. “तुम्ही लिहिलंय तसंच केलंत.” मग सुलेखाकडे न पाहता म्हणाले, “दुसरा शब्द लावा.”

सुलेखाने पेन्सिलीने क्लिक खोडलं आणि क्लंक लिहिलं. चार दिवस भांडून मिळवलेला शब्द. रोवेनाने दांडा दाबला. टक्. ती थांबली आणि सगळ्यांकडे पाहू लागली.

“हेच ना क्लंक?”

चुकली होती सुलेखा. शब्द खरा होता, पण एकट्या माणसाला तो जड की हलका हे कळणार कसं? ज्याने दुसरा आवाज ऐकलेलाच नाही, त्याला पहिलाच पुरतो. आणि गॅरेथ-सानही चुकले नव्हते. न सांगता आलेला खट्ट ऐकून कोणीही म्हणेल, मोडलं काहीतरी! तिने घड्याळ पाहिलं. पावणेबारा.

“अर्धा तास द्या,” ती म्हणाली आणि जमिनीवर मांडी ठोकून बसली.

खुर्चीपुढे बसून तिने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मधे दोनदा दांडा दाबला, डोळे मिटून. निशिवाकी-सान शेजारी उकिडवे बसले होते आणि तिने मान हलवली की पकड सोडवून द्यायचे, निमूटपणे, एखाद्या मदतनिसासारखे. शेवटी कागदावर तीन ओळी उरल्या.

‘दांडा दाबा. आधी हलका क्लिक ऐकू येईल. खुर्ची अजून तयार नाही, बसू नका. बोटं काढून घ्या आणि जड क्लंक ऐकू येईपर्यंत जोराने दाबा. हा आवाज बरोबर आहे.’

“दोघांना एकमेकांशेजारी बसवलं,” ती म्हणाली. “आता ओळखू येतील.”

“मी करू?” रोवेनाने हात पुढे केला, आणि मग स्वतःच मागे घेतला. “माझा काय उपयोग? मला आता माहीत झालं. थांबा, चौथ्या मजल्यावर माझी मैत्रीण आहे. तिला काहीच माहीत नसतं.”

मैत्रीण आली, हातात ओला मॉप तसाच. तिला कोणी काही सांगितलं नाही. तिने कागद घेतला, मनातल्या मनात ओठ हलवत वाचला, खुर्ची उघडली. दांडा दाबला. टक्. तिची नजर पुन्हा कागदावर गेली. शिमुरा-सान यांनी दोन्ही हात छातीशी धरले होते. मैत्रिणीने बोटं काढली, तळवा टेकवला आणि अंगाचा भार दिला.

खट्ट.

“ओके,” ती कागदाला म्हणाली, आणि धप्पकन बसली. बसून इकडेतिकडे पाहिलं. “मस्तय. पण उन्हात नेता येईल का?”

निशिवाकी-सान एवढे हसले की त्यांच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. शिमुरा-सान हसल्या नाहीत. त्या बाहेर गेल्या, आणि फोनवरचा त्यांचा आवाज आतपर्यंत आला. “हो, पान नऊ. नवं पाठवतोय. मला कल्पना आहे. फार त्रास देतोय तुम्हाला. हो, तीनच्या आत.” आत येऊन त्यांनी निशिवाकी-सानना विचारलं, “आणि जपानी पुस्तिका?”

“छापून झालीय. सहा हजार.” त्यांनी मान खाजवली. “पानावर चिकटवायची पट्टी करू. सोमवारी माझ्या साहेबांशी बोलतो. नाही म्हणाले तर...” त्यांनी खुर्चीकडे बोट केलं. “तर त्यांनाच वाचायला लावून बसवतो.”

“झालं ना आता, सुलेखा-सान?” शिमुरा-सान यांनी विचारलं. चार दिवसांत प्रथमच त्यांचे खांदे खाली आले होते.

सुलेखा खुर्चीची घडी घालत होती. “नाही.”

“नाही?”

“या दोघींचे कान चाळिशीचे आहेत. खुर्ची घरात लावणारा पुष्कळदा म्हाताराच असतो, म्हातारीसाठी. त्याला हलका आवाज ऐकू आलाच नाही तर? तर तो दाबतच राहील, म्हणजे चांगलंच. पण जड आवाज ऐकू येतो की नाही, ते मला बघायचंय.” तिने खुर्ची काखेत मारली आणि कागद आधी दातांत धरला, मग काढून हातात घेतला. “खालच्या सायकल-स्टँडवर तो पहारेकरी असतो ना, टोपीवाला? सत्तरीचा तरी असेल.”

“त्याला इंग्रजी येतं?”

“तो आधी बोटीवर होता. रोज मला गुड मॉर्निंग म्हणतो, तेही संध्याकाळी. येत असेल.”

“एक वाजून गेलाय!”

“म्हणून तर,” सुलेखा म्हणाली आणि लिफ्टकडे निघाली. मागून पावलं आली. निशिवाकी-सान बूट धड न चढवता धावत येत होते. त्यांनी मिटत आलेलं लिफ्टचं दार हाताने अडवलं आणि खुर्चीचं दुसरं टोक पकडलं.

“तो बसेल तेव्हा,” धापा टाकत ते म्हणाले, “त्याच्या मागे मी उभा राहतो. तुम्ही कागदाकडे बघा.”